कब्दोल्ला चालू लागला

स्थलांतर आमच्या रक्तात आहे, असे आमच्या शिमकेंत शहरातल्या प्रत्येक मेजवानीत कोणीतरी पेला उंचावून सांगतो. आणि सांगणारा जन्मापासून एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर राहत असतो. मीही त्यातलाच. माझ्या पणजोबांनी तंबू, चूल, पाळणा आणि म्हातारी आई उंटांवर घालून डोंगर ओलांडले, आणि वाटेत एक डावसुद्धा हरवला नाही. मला फक्त एक वर्कफ्लो, म्हणजे आपोआप होणाऱ्या कामांची साखळी, संगणकातल्या एका जागेवरून शेजारच्या जागेवर न्यायचा होता. तो नेताना मी आमचे आख्खे कूळ रडत-हसत रस्त्यावर आणले.

मी एका तोयखान्यात नोकरी करतो. तोय म्हणजे मेजवानी; आमच्या गावात माणूस जन्मतो, चालतो, शिकतो आणि लग्न करतो तो मुख्यतः तोय देता यावी म्हणून. मोठी तोय म्हटली की शेकडो पाहुणे, आणि पाहुण्यांहून अधिक रुसवे. त्यामुळे आमच्या मालकीण रौशन-अपा (अपा म्हणजे ताई) यांनी माझ्याकडून एक रोबो बनवून घेतला. रोबो म्हणजे हातपाय असलेला यंत्रमानव नव्हे. तो संगणकाच्या आतच राहतो आणि एरवी माणूस जी बटणे दाबतो ती दाबतो. यजमानाकडून नावे घेतो, नात्याला आणि वयाला शोभेल असे संबोधन लावून प्रत्येकाच्या फोनवर निमंत्रण धाडतो, होकार गोळा करतो, टेबले मांडतो आणि घोड्याचे मांस किती लागेल ते स्वयंपाकघराला कळवतो.

अशा रोबोला दोन घरे असतात. एक चाचणीचे, जिथे त्याने काहीही केले तरी जगात पान हलत नाही. दुसरे खरे, जिथे पान हलते. आम्ही पहिल्याला हिवाळी तळ म्हणत असू आणि दुसऱ्याला कुरण. हिवाळी तळावर रोबो तयार झाला की त्याच्या सगळ्या साखळ्यांचे एक गाठोडे बांधायचे आणि ते कुरणावर उतरवायचे. मात्र गाठोड्यातून तंबू जातो, खुंट्या जात नाहीत. निरोप कोणत्या फोनवरून जातील, दिवस कोणत्या कॅलेंडरात पडतील, हे सारे नव्या जागी नव्याने बांधावे लागते. हिवाळी तळावर एक कळ होती: ‘सर्व निरोप फक्त मेदेतला.’ मेदेत म्हणजे मी. कुरणावर ती कळ नव्हती. तिथे निरोप ज्याचा त्याला जाणार होता, आणि त्यासाठीच तर कुरण होते.

चाचणीसाठी पाहुण्यांची नावे हवी होती. शेजारच्या टेबलावरचा रुस्तेम म्हणाला, “खोटी नावं टाक. पाहुणा एक, पाहुणा दोन.”

पण खोट्या नावांना नाती नसतात, आणि रोबोची खरी परीक्षा नात्यांतच होती. शिवाय, खोट्या तोयलासुद्धा थोरल्या आत्याला बोलावले नाही, हा विचार मला झोपू देईना. म्हणून मी माझे खरे नातेवाईक लिहिले, खऱ्या फोन नंबरांसह, ज्येष्ठतेच्या क्रमाने.

आता प्रसंग हवा होता. इथे माझ्या वडिलांविषयी सांगणे भाग आहे.

माझे वडील कब्दोल्ला. आम्ही त्यांना कोके म्हणतो. ते निवृत्त व्यायामशिक्षक. अर्ध्या शिमकेंतला त्यांनी शिट्टी वाजवून पळवलेले आहे. त्या हिवाळ्यात ते बर्फावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले, सांधा उत्तम बसला आहे, आता फक्त चाला. कोके घरी आले, खिडकीपासून दूर असलेल्या खुर्चीत बसले, आणि उठेनात. फोन बंद करून टाकला. नातेवाइकांना ऑपरेशनबद्दल अवाक्षर सांगायचे नाही, अशी आम्हांला ताकीद. रुग्णालयाने दिलेल्या वॉकरवर त्यांनी आपला कोट टांगला, म्हणजे तो वॉकर न राहता फर्निचर झाला.

“कोके, निदान खिडकीपर्यंत,” माझी बायको आक्मारल रोज म्हणे.

“खिडकीत काय आहे? अंगण. अंगणात काय आहे? माझे विद्यार्थी. पाय उचला, पाय उचला म्हणून एकेकावर घसा कोरडा केलाय मी. त्यांनी मला या सांगाड्याला धरून पाय ओढताना बघायचं?”

“सूनबाईनं पाहिलेलं चालतं ना?”

“सून घरातली असते.”

खालच्या मजल्यावरच्या तुर्सिनाय-अपा बरणी घेऊन येत. त्यांच्या मते मनुष्यजातीच्या यच्चयावत व्याधींवर बिज्जू नावाच्या रानप्राण्याची चरबी हा एकच इलाज होता. जो बरा होत नाही त्याने ती पुरेशी चोळलेली नाही, आणि जो मेला त्याने ती वेळेवर आणवली नाही. कोके ती चरबी मुकाट्याने चोळून घेत, कारण चोळून घेण्यासाठी उठावे लागत नाही.

मी संध्याकाळी कामावरून येई तेव्हा ते त्याच खुर्चीत असत आणि त्यांच्या गुडघ्यांवर उन्हाचा शेवटचा चौकोन निजलेला असे. ज्या माणसाच्या पावलांचा आवाज हेच माझ्या बालपणाचे घड्याळ होते, तो माणूस थांबलेला पाहणे मला सोसेना. आणि जे सोसत नाही ते माणूस कुठेतरी लिहितो. हिवाळी तळावर लिहिलेले कोणी वाचत नाही. चाचणी आणि कविता यांच्यातले एवढे साम्य मला पुरेसे वाटले.

आमच्याकडे मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी सैल बांधतात, आणि चपळ, धडधाकट अशा माणसाकडून ती कापून घेतात, म्हणजे मुलाला त्याची चाल लागते. त्याचीही तोय असते. मी प्रसंगाच्या रकान्यात ती तोय लिहिली. मुलाचे नाव: कब्दोल्ला. वय: एक. वडिलांचे नाव: स्मागुल, म्हणजे माझे दिवंगत आजोबा, कारण खरेच तसे होते. रोबोने मायाळू शब्दांत निमंत्रण रचले: ‘आमचा कब्दोल्ला चालू लागला आहे. त्याच्या पायांतली दोरी कापायला अवश्य या. वाट पाहणारे, मेदेत आणि आक्मारल.’ ते सारे निरोप इमानाने एकट्या माझ्या फोनवर आले. मी ते अनेकदा वाचले आणि ठेवून दिले.

मग स्थलांतराचा दिवस उजाडला. आमच्या कचेरीत कोणतेही शुभकार्य कोरडे होत नाही. गाठोडे कुरणावर उतरणार म्हणून सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. मी एकेक खुंटी बांधत गेलो: फोनची, कॅलेंडरची, स्वयंपाकघराची. सारे हिरवे झाले. आणि मी शेवटचे बटण दाबताच रुस्तेमने आणि स्वागतकक्षातल्या मुलींनी माझ्या डोक्यावरून मूठ-मूठ टॉफ्या उधळल्या. हा आमचा रिवाज. उधळलेली मिठाई जो उचलतो त्याच्या घरी आनंद जातो, म्हणून सर्वजण, रौशन-अपासुद्धा, गुडघ्यांवर आले. मला कोकेंसाठी एक टॉफी हवी होती. ती टेबलाखाली गेली होती. मी वाकलो, हात लांबवला, आणि माझे कोपर कळफलकावर टेकले.

वर पडद्यावर, जिकडे त्या क्षणी एकाही माणसाचे लक्ष नव्हते, एक प्रश्न उमटला होता: गाठोड्यात पाहुण्यांची एक यादी सापडली आहे, तीही न्यायची का? माझ्या कोपराने हो म्हटले. रोबोला कुरणावर आल्या-आल्या न बोलावलेले पाहुणे दिसले. त्याने त्यांना बोलावले.

मी टॉफी घेऊन वर आलो तेव्हा माझा फोन टेबलावर थरथरत होता. लेंगरहून चुलतभाऊ तोलेगेन. फोनवर आधी फक्त श्वास, मग हुंदका.

“मेदेत, कोके गेले आणि तू मला कळवलं नाहीस?”

आमच्यात हयात वडीलधाऱ्याचे नाव मुलाला ठेवत नाहीत, हे मी चाचणीच्या उत्साहात विसरलो होतो. मुलाचे नाव कब्दोल्ला म्हणजे थोरला कब्दोल्ला जगात नाही, एवढा सरळ अर्थ तोलेगेनने काढला. मूल चालायला वर्ष लागते, आणि मागच्या शरद ऋतूत कोके याच तोलेगेनच्या घरी दोन वेळा वाढून घेऊन जेवले होते, हा हिशेब त्याच्या मनात आला नाही. दुःखाला गणित येत नाही.

“अरे, ते जिवंत आहेत,” मी म्हणालो.

“आहेतच,” तोलेगेन रडत म्हणाला, “आपल्या मनात कायम राहतील. मी निघालोय.”

पुढचा फोन आक्मारलचा. तिचा आवाज अगदी शांत होता.

“मेदेत, मला मूल झालंय का?”

“नाही.”

“बरं. कारण माझी मावसबहीण आत्ता आनंदाच्या बातमीचं बक्षीस मागायला दारात उभी होती. मी तिला नवी शाल दिली. ती गेल्यावर वाटलं, बातमी काय ते विचारायला हवं होतं.”

आमची मुलगी अल्माटीत कॉलेजला आहे. तिनेही फोन केला. ती एवढेच म्हणाली, “पप्पा, भाऊ झाल्याचं मला दुसऱ्यांकडून कळायला नको होतं,” आणि तिने फोन ठेवला.

मी रौशन-अपांकडे धावलो. “अपा, निमंत्रणं मागे घेण्याचा निरोप पाठवू?”

“पाठव की. साखळी आहे का तशी?”

साखळी नव्हती. रोबोला बोलावता येई, आठवण देता येई, दुसऱ्यांदा आग्रह करता येई. बोलावणे मागे घेण्याची साखळी मी बांधलीच नव्हती, कारण तशी कोणी मागितलीच नव्हती.

“कोण मागणार?” अपा म्हणाल्या. “बोलावलेल्याला नको येऊ म्हणायचं, हे आपल्यात कुणी केलंय? निदान हॉल तरी रद्द कर. शनिवारचा छोटा हॉल धरून ठेवलाय तुझ्या रोबोनं. होकार येतायत.”

हॉल रद्द करणे लेखापाल लुद्मिला पेत्रोव्ना यांच्या हाती होते.

“यजमानाची सही लागेल,” त्या चष्म्यातून म्हणाल्या. “यजमान कोण? कब्दोल्ला स्मागुलुली, म्हणजे स्मागुलचा मुलगा. वय एक. अज्ञान आहे. पालकाची आणा.”

“पालक स्मागुल.”

“मग त्यांना पाठवा.”

“ते माझे आजोबा. ते दफनभूमीत आहेत.”

“वाईट झालं. मग मृत्यूचा दाखला, आणि नवा पालक नेमल्याचा कोर्टाचा आदेश.”

“लुद्मिला पेत्रोव्ना, हे अज्ञान बालक सत्तरी ओलांडलेलं आहे. खुब्यात नवा सांधा आहे.”

“मग वय दुरुस्तीचा अर्ज भरा,” त्या किंचित मृदू झाल्या. “त्यावर मात्र यजमानाची सही लागेल.”

मी घरी पोहोचलो तेव्हा आमच्या जिन्यात दोन प्रवाह मिळाले होते. वर आधी पोहोचलेले रडणारे, खालून चढणारे हसणारे. तोलेगेन भिंतीला कपाळ लावून “माझ्या वडीलधाऱ्या रे” असा आक्रोश करत होता, आणि त्याच्या शेजारी त्याने गाडीच्या डिकीतून आणलेला मेंढा उभा होता. मेंढ्याचे बरे असते, तो दोन्हीला चालतो. आक्मारलच्या माहेरच्या बायका गुलाबी फीत बांधलेली बाबागाडी एकेक पायरी वर चढवत होत्या. मधल्या वळणावर तुर्सिनाय-अपा वाहतूक सांभाळत होत्या. “रडणारे भिंतीच्या बाजूनं. बाळ बघायला आलेले कठड्याच्या बाजूनं. चरबीची बरणी कुणी लाथाडू नका.”

आक्मारलने अजून कोणाला आत घेतले नव्हते; घरात कोके खुर्चीत ताठ बसले होते. माझ्या कानावर पडला तो संवाद असा:

“कोण गेलं, सूनबाई?”

“तुम्ही, कोके.”

“हं. आणि मूल कुणाला झालं?”

“मला.”

“नाव काय ठेवलंत?”

आक्मारलने माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले. तळ, कुरण, खुंट्या, कोपर, टॉफी. टॉफी त्यांच्या हातात ठेवली. कोकेंनी ती बोटांत फिरवली. ते दाराबाहेर स्वतःचे नाव ऐकत राहिले.

“वय एक, असं लिहिलंस तू.”

“कोके, ते कुणी वाचणार नव्हतं.”

“पण वाटलं तसं म्हणूनच लिहिलंस ना.” ते भिंतीकडे पाहू लागले. “ठीक आहे. आता गावाला कळलं. कब्दोल्ला शिक्षक रांगतोय.”

रागावले असते तर बरे झाले असते. त्यांचा आवाज विझलेला होता, आणि तो विझवणारी फुंकर माझी होती. या घराची लाज मी चव्हाट्यावर नेली होती. आता हा माणूस पुन्हा कधीच उठणार नाही, असे मला लख्ख दिसले.

तेवढ्यात जिना एकदम शांत झाला. ओरिंकुल आत्या आल्या होत्या. कोकेंची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली, पाय धनुकलीसारखे वाकलेले, डोक्याला पांढरे वस्त्र. त्यांच्यासाठी रडणाऱ्यांनी आणि हसणाऱ्यांनी सारखीच वाट करून दिली. उंबऱ्यावर त्यांनी गळा काढला, “माझ्या धाकट्या रे, माझ्याआधी कसा गेलास,” आणि आत पाऊल टाकले.

आमच्यात थोरली बहीण घरात आली की धाकटा भाऊ बसून राहत नाही. राहूच शकत नाही. ते त्याच्या हाडांत असते, सांधा नवा असला तरी. कोके उठले. एक हात टेबलावर, दुसरा हवेत, पण उठले.

आत्या मध्येच थांबल्या. त्यांनी भावाला आपादमस्तक पाहिले.

“जिवंत आहेस?”

“आहे, अपा. बस ना.”

“मग मला लेंगरपासून रडत का आणलं? सारा रस्ता रडले मी. ड्रायव्हरसुद्धा रडला.” त्यांनी डोळे पुसले आणि त्याच हाताने भावाच्या दंडावर एक चापट मारली. “मी बसेन माझी मी. पण तुझं हाड मोडलंय म्हणते ही खालची बाई. मग उभा कसा आहेस?”

कोकेंनी खाली पाहिले, जणू ते पाय दुसऱ्या कोणाचे होते. मग हळूच बसले.

सगळी हकीकत ऐकून आत्यांनी निकाल दिला. “मूल नाही झालं, ते नाही झालं. मेला नाही, ते उत्तम. चालायला लागतोय हे तर खोटं नाही? हॉल आहे, मांस आहे, माणसं आलीत, मेंढाही आलाय. शनिवारी दोरी कापायची.”

“मी येणार नाही,” कोके म्हणाले. “तिथले अर्धे वेटर माझे विद्यार्थी आहेत.”

“दोरी मी कापतो, कोके,” तोलेगेन गहिवरून म्हणाला. त्याने नाक पुसले. “मला मान द्या.”

कोकेंनी त्याच्याकडे वळून पाहिले. तोलेगेन माणूस सोन्यासारखा, पण वजन दणकट आणि तळवे सपाट. कोकेंच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी व्यायामशिक्षक प्रकट झाला.

“तू? तू बदकासारखा चालतोस. टाच आधी टेकवायची असते हे तुला आठवीपासून सांगतोय. तुझी चाल घेऊन मी मरेपर्यंत फिरू?”

“मग माझा जावई कापेल,” कोणी म्हणाले.

“तो खुरडतो.”

“मग मेदेत?”

“मेदेत चालताना जमिनीशी काहीतरी बोलत असतो. नको.” कोकेंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “गाढवांनो, चाल माझी आहे. कापणारा मी ठरवीन.”

“म्हणजे येतोस,” आत्या म्हणाल्या, आणि चहा मागितला.

शनिवारी छोट्या हॉलमध्ये पांढरे कापड अंथरले होते. वॉकरवरचा कोट आक्मारलने काढून कोकेंच्या अंगात घातला होता. तुर्सिनाय-अपांनी स्वतः वळलेली काळी-पांढरी दोरी त्यांच्या घोट्यांना सैल बांधली, आणि बांधता-बांधता थोडी चरबी चोळली. रौशन-अपा आणि रुस्तेम आले होते. लुद्मिला पेत्रोव्नाही आल्या होत्या. त्यांना यजमान प्रत्यक्ष पाहायचा होता.

“कोण कापणार?” मी विचारले.

कोकेंनी ओरिंकुल आत्यांकडे बोट केले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आत्यांना स्वतःला दोन्ही बाजूंनी धरून आणले होते.

“माझी चाल घेणार?” आत्या म्हणाल्या. “मी तर आता टेबलाला धरून टेबलापर्यंत जाते.”

“पहिल्यांदाही तूच कापली होतीस,” कोके म्हणाले. “वाडीत तुझ्याइतकं कुणी पळत नव्हतं. आई सांगायची.”

“कापली होती. आणि तू थेट चुलीत निघाला होतास. तुझ्यामागे पळून पळूनच माझे पाय वाकले.”

त्या खाली बसल्या. नजर अंधुक, हातात मांस कापायची सुरी. “हलू नकोस,” त्या म्हणाल्या, “त्या नव्या सांध्याचा सुटा भाग मिळतो की नाही, मला ठाऊक नाही.” दोरी चिवट निघाली. त्या तंतू-तंतू कापत राहिल्या, आणि कोके खाली त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या वस्त्राकडे पाहत उभे राहिले. एरवी अशा वेळी संगीत वाजते. ते वाजवायचे कोणाला सुचले नाही.

दोरी तुटली. कोकेंनी वॉकर पुढे सरकवला. पाय ओढला. पुन्हा सरकवला, पुन्हा ओढला. भिंतीशी पांढऱ्या सदऱ्यांतले वेटर ओळीने उभे होते. त्यांच्यातला एक पोक्त, टक्कल पडलेला माणूस, समोर पाहत, अगदी आदराने, हलक्या आवाजात म्हणाला, “पाय उचला, आगाय.” आगाय म्हणजे गुरुजी; शाळेत त्यांना तसेच म्हणत. मग ओळीतल्या दुसऱ्याने म्हटले. मग सगळ्यांनी, पुटपुटल्यासारखे, पावलागणिक.

कोके थांबले. त्या ओळीकडे त्यांनी एक जळजळीत कटाक्ष टाकला, ज्याने एके काळी आख्ख्या वर्गाची पाठ सरळ होत असे. ओळीची पाठ सरळ झाली. मग त्यांनी पाय उचलला.

कापडाच्या टोकापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला, आणि घाई कोणालाच नव्हती. तोलेगेन पुन्हा रडत होता. आता त्याला कोणी अडवले नाही.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तर खुर्ची रिकामी होती आणि वॉकर जाग्यावर नव्हता. मी चपला न घालताच जिना उतरलो. अंगणात नव्हते. रस्त्यावर आलो, आणि ते दिसले: नान भाजणाऱ्याच्या दुकानातून परतत होते, बाजूच्या लोकांना मान डोलवत, वॉकरच्या दांडीवर कोपराने एक गरम नान दाबून. नान घसरे, ते थांबत, सावरत, पुन्हा एक पाऊल टाकत. मी एका पॉपलरच्या झाडाआड झालो. त्यांना वाटू नये की मी राखण करतो आहे, म्हणून ते पुढे गेले की पुढच्या झाडाआड जात, श्वास रोखून, मी त्यांच्या मागे-मागे येऊ लागलो.

आमच्या दारापाशी ते थांबले. मागे न वळता म्हणाले, “मेदेत, झाडामागून चालू नकोस. इकडे ये आणि हा नान धर. मला दोन्ही हात लागतात.”